म्हातारीच्या ओट्यावर आमचा मारुती

आमच्या ह्यांना मासे धरण्याचं वेड लागलं ते दुकानातली खुर्ची गेल्यावर. नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ आमचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. दाराशेजारी एक लोखंडी खुर्ची आणि खुर्चीत आमचे हे, अशी तिथली व्यवस्था बरीच वर्षं टिकली. मग आमचा मुलगा राहुल शिकून आला, कारभार त्याच्या हाती गेला आणि त्याने दुकानाला काच लावली. काचेच्या आत ती खुर्ची शोभेना. कारभार ह्यांनीच हौसेने दिला होता, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती. एकदा हे सहज म्हणून दुकानात गेले, तर नव्याने कामाला लागलेल्या मुलीने विचारलं, "काका, काय पाहिजे?" हे घरी आले आणि गॅलरीत बसले. उन्हाळा गेला, पावसाळा लागला, हे गॅलरीतच.

गॅलरीत बसून माणूस मोबाईल बघतो. ह्यांना त्यात कुठल्या कुठल्या परदेशी बेटांवरचे व्हिडिओ सापडले. ज्वालामुखीतून निघालेले काळेकभिन्न कडे, खाली उकळल्यासारखा समुद्र, आणि कड्याच्या अगदी टोकावर एक गोरा माणूस गळ टाकून उभा. लाट येते, त्याच्या डोक्यावरून जाते, तो हसतो. मग तो स्वतःएवढा मासा ओढून काढतो, त्याचा मुका घेतो आणि परत पाण्यात सोडून देतो. मी म्हटलं, सोडायचाच होता तर धरला कशाला. हे म्हणाले, "तुला नाय कळायचं." पण म्हणताना मान वर होती आणि आवाजात जीव होता. कित्येक महिन्यांनी हा आवाज घरात ऐकू आला, म्हणून मी पुढचं बोलणं गिळलं.

खरं सांगायचं तर मला मासा नको होता. गॅलरीतला माणूस उठायला हवा होता. नवरा रागावलेला परवडतो, गप्प बसलेला परवडत नाही. म्हणून ह्यांनी गळाचा रॉड मागवायचं काढलं, तेव्हा मी हो म्हटलं.

रॉड आला. खोक्यावर जपानी लिहिलेलं होतं, तेव्हा तो चांगला असणार असं आम्ही ठरवलं. गच्चीवर सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी पाण्याची टाकी गळाला लागली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या देवरेवहिनींनी आपली येवल्याची पैठणी ऊन दाखवायला दोरीवर टाकली होती, तिच्या पदरातल्या मोरात गळ रुतला. मोठं काही लागलं तर सोडायचं नाही असं व्हिडिओत सांगितलेलं, त्यामुळे हे ओढत राहिले. देवरेवहिनी तेव्हापासून माझ्याशी फक्त हळदीकुंकवाला बोलतात.

मग गंगापूर धरणाच्या काठावर गेलो. तिथे एक तिलापी आणि एक चप्पल मिळाली. चप्पल मोठी होती. तिथेच सुभेदारही मिळाले. सुभेदार म्हणजे देवळाली कॅम्पात राहणारे, तोफखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जन्मभर तोफांशेजारी उभं राहून त्यांचा एक कान गेलाय आणि दुसरा त्यांच्या सोयीने चालतो. त्यांनाही मासे धरायचे होते, त्यांनाही कोणी मिळत नव्हतं. दोघांची जोडी जमली. सुभेदारांनी कोकणचा नकाशा काढून त्यावर लाल बाण ओढले आणि अख्ख्या अरबी समुद्राला टार्गेट एरिया असं नाव दिलं. कोजागिरीच्या आधी निघायचं ठरलं.

"मिसेस कशाला?" सुभेदारांनी विचारलं.

"जेवणाची सोय," आमचे हे म्हणाले.

मी दाराआडून ऐकलं आणि पिशवीत आयोडेक्स, पट्ट्या आणि ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या.

घाटाखाली

रस्त्याचं वर्णन करत नाही. ज्यांनी तो पाहिलाय त्यांच्या पाठीला तो आठवत असेल. गुहागरच्या पुढे कुठेतरी एक गाव आहे एवढं सांगते. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुम्हीही तुमच्या ह्यांना घेऊन जाल.

उतरायची सोय सुर्वे नावाच्या माणसाच्या घरी होती. कोकणात पाहुणा आला की आधी त्याला नीट पाहून घेतात. आमच्याकडे निफाड-पिंपळगावकडे आधी चहा पाजतात आणि मग तुम्ही कोण म्हणून विचारतात. सुर्वे ओट्यावर उभे राहून आमच्याकडे, मग गाडीच्या टपावरच्या रॉडकडे, मग परत आमच्याकडे बघत राहिले.

"गरवायला आलाव?" ते शेवटी म्हणाले. गळ टाकून मासे धरण्याला तिकडे गरवणं म्हणतात.

"रॉक फिशिंग," सुभेदारांनी दुरुस्ती केली.

"ताच ता," सुर्वे म्हणाले आणि आत गेले.

जेवण उत्तम होतं, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी तक्रार करणार आहे. नारळ आम्ही देवापुढे फोडतो आणि खोबरं प्रसाद म्हणून चिमटीने वाटतो. इथे डाळीत नारळ, भाजीत नारळ, माशात नारळ, आणि नारळाचं दूध वेगळं पेल्यात. आमच्या ह्यांना काळ्या मसाल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. त्यांनी बाजरीची भाकरी आहे का विचारलं. सुर्वेवहिनींनी तांदळाची आणून ठेवली आणि वर म्हणाल्या, "ही पन भाकरीच." पांढरीशुभ्र, मऊ. आमच्या ह्यांनी ती दोन बोटांनी उचलून उजेडात धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या तुकड्याबरोबर बांगड्याचं कालवण पोटात गेलं, तेव्हा त्यांनी आणखी तीन मागितल्या आणि नाशिकची बाजू सोडून दिली.

जेवता जेवता सुर्व्यांनी म्हातारीच्या ओट्याचा विषय काढला. आम्हीच निमित्त झालो म्हणा, कारण व्हिडिओत दिसतो तसा कडा इथे कुठे आहे हे ह्यांनी विचारलं होतं. गावाच्या उत्तरेला काळा कडा आहे, त्याच्या तळाशी समुद्राला लागून एक सपाट ओटा आहे, आणि मोठे मासे तिथेच, असं सुर्वे म्हणाले. "पन तिकडं जाव नका. म्हातारी धरते."

कोण म्हातारी? तर पहिल्या वाढपात ती कोणाची तरी सासू होती, नवऱ्याची वाट बघत बुडालेली. ताकाच्या वेळेला ती चेटकीण झाली. बडीशेप येईपर्यंत ती पोर्तुगीज होती. सुर्व्यांचा मूळ मुद्दा खरा होता, पण त्यावर त्यांनी एवढं खोबरं पेरलं की मुद्दा दिसेनाच.

"तरणे बाप्ये ओढते ती पान्यात," ते म्हणाले.

"मग प्रश्न मिटला," सुभेदार म्हणाले. "हमारी उमर निकल गई."

रेकी

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी रेकी काढली. रेकी म्हणजे नुसतं बघून यायचं. सुर्वे वाट दाखवायला आले, म्हातारी धरते म्हणून सांगणारा माणूस स्वतः पुढे चालत होता आणि वाटेत मोबाईलवर पुढच्या हंगामातल्या आंब्याच्या पेट्यांचं बोलत होता.

वर तांबडा जांभा दगड आणि सुकत आलेलं गवत. मग एक घळ, आणि घळीतून खाली उतरलं की दगडाचा रंगच बदलतो. काळा, कठीण, थरावर थर. हे थांबले आणि त्यांनी दगडावर हात ठेवला.

"अगं, हा तर आपला दगड हाय," ते म्हणाले. "अंजनेरीचा. ब्रह्मगिरीचा. हाच तो लाव्हा. आपल्याकडून वाहत इथवर आला."

लाव्हा नेमका कुठून कुठे वाहिला याची मला खात्री नाही, पण आमच्या नाशिककरांना जगातली प्रत्येक चांगली वस्तू आपल्याकडूनच गेली असं वाटतं. द्राक्षं, कांदे, गोदावरी, आता ज्वालामुखीही. तरी दगड ओळखीचा होता हे खरं. लहानपणी ज्या काळ्या पायऱ्यांवर मी पांडवलेणी चढले तोच रंग, तेच खडबडीत अंग. फरक एवढाच की त्या दगडावर ऊन पडतं आणि ह्या दगडावर समुद्र पडतो. खालच्या अंगाला हिरवं शेवाळ होतं आणि त्यावर कालवांचे शिंपले चिकटलेले, ब्लेडसारखे धारदार. ओळखीचा म्हणून हे बेधडक उतरले आणि बसत्या अंगाने दोन पायऱ्या गेले. पँट मागून फाटली. दगडाने ओळख दाखवली नाही.

ओटा मात्र सुंदर होता. आमच्या गच्चीएवढा सपाट, काळा, भिजलेला. त्याच्या पलीकडे सरळ खोल निळं पाणी. मागच्या बाजूला कमरेएवढी उंच एक नैसर्गिक पायरी, तिच्या मागे घळीची वाट. आणि ओट्याच्या अगदी टोकाला पुरुषभर उंचीचा एक दगडी सुळका, एकटाच उभा. मी तिथे पाहिलं, तर तो कुठेतरी बघितल्यासारखा वाटला.

त्या दिवशी सुभेदारांनी ओट्यावर परवानगी दिली नाही. आधी जेट्टीशेजारच्या खडकांवर सराव, असा हुकूम झाला. सरावात आमच्या ह्यांचा गळ दगडात अडकला. मग दुसऱ्या दगडात अडकला. मग पहिल्या गळात अडकला. सुभेदारांना केंड मिळाला. हा मासा धरला की पोटात हवा भरून चेंडूसारखा फुगतो आणि रागाने बघतो. सुभेदारही त्याच्याकडे तसेच बघत होते. खडकांवर कालवं काढणाऱ्या दोन बायका कोयता टेकून पोटभर हसल्या.

"केंड खात नाय कोन," एक म्हणाली. "इखारी असतो."

"फोटो तरी काढा," दुसरी म्हणाली, "दोगंपन फुगल्यात तवर."

मीही हसले. मग ह्यांच्याकडे लक्ष गेलं. ते खडकावर बसले होते, रॉड बाजूला ठेवलेला, हात गुडघ्यांवर, नजर कुठेच नाही. ते गॅलरीतलं बसणं होतं. एवढा घाट उतरून मी ह्यांना इथे आणलं ते त्या बसण्यातून उठवायला, आणि ते बसणं आमच्या आधीच येऊन थांबलं होतं. सुकलेल्या तोंडाचा हा माणूस उद्या रिकाम्या हाताने परत आला तर पुन्हा उठणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं. तेव्हा संध्याकाळी सुभेदार ओट्याबद्दल साशंक झाले आणि म्हणाले की उद्या पौर्णिमा, पाणी जास्त असेल, तेव्हा मीच बोलले, "एवढं आलोय तर जाऊन येऊ." ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रात्री शिट्टी वाजवत गळाला दोरा बांधला.

ओटा

निघताना सुर्वेवहिनींनी नारळ दिला, समुद्राला द्यायला. कुंकवाची पुडी माझ्या पर्समध्ये असतेच. ओट्यावर पोचल्यावर ह्यांनी नारळ पाण्यात सोडला, सुळक्यापुढे उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "मारुती."

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या गोदाकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे, आणि अख्खं शहर आपला पूर त्याच्या अंगावर मोजतं. पाऊस लागला, धरणातून पाणी सोडलं, की घराघरात एकच प्रश्न, पाणी कुठवर? गुडघ्याला म्हणजे चहा प्या. कमरेला म्हणजे सराफ बाजारातले लोक माल वर चढवतात. छातीला लागलं की नातेवाईकांचे फोन येतात. आणि पाणी उतरायला लागलं की संपलं, लोक झाडू घेऊन चिखल काढतात, दुकानं उघडतात, बघ्यांची पोरंबाळं काठावर जातात. आमच्या शहरात ह्या हिशेबाने पिढ्या जगल्या आहेत. त्याच्यावर शंका घेणं म्हणजे नास्तिकपणा.

ह्यांनी कुंकू कालवलं आणि सुळक्यावर तीन रेघा ओढल्या. गुडघा, कंबर, गळा. "पाणी कमरेला लागलं की निघायचं," त्यांनी जाहीर केलं.

"व्हेरी गुड," सुभेदार म्हणाले. "ऑब्झर्वेशन पोस्ट."

मला हसू आलं, पण मनातून बरंही वाटलं. परमुलखात आपला देव भेटला की हायसं वाटतंच. सुर्वे मात्र खाली आलेच नाहीत. घळीच्या वरच्या टोकाला सावलीत बसून तिथूनच म्हातारी, म्हातारी असं ओरडत राहिले.

सकाळ फार सुखाची गेली. हे टोकाशी, सुळक्याला खेटून. सुभेदार मधोमध घडीच्या खुर्चीत. मी मागच्या पायरीवर डबा उघडून. पाणी सुळक्याच्या पायांशी खेळत होतं. सुभेदारांनी वीतभर लांबीचे दोन मासे काढले आणि प्रत्येकाला सॅल्यूट केला. मी चिवडा वाटला. भरती लागली तसं पाणी हळूहळू वर येऊ लागलं, अगदी गोदावरीसारखं, बेताबेताने.

"पाणी कुठवर?" सुभेदार मागून विचारायचे.

"गुडघ्याला टेकलं," हे सांगायचे.

आणि मी इकडे डब्याचं झाकण लावायची घाई करत नव्हते. आम्हाला तिघांनाही आयुष्यात प्रथमच समुद्र कळतोय असं वाटत होतं.

मग एक लाट सरळ कमरेच्या रेघेला लागली. आमिषाचा डबा गेला, ह्यांची पँट भिजली, हे धडपडत मधोमध आले. ठरल्याप्रमाणे आता निघायचं होतं. सुभेदार खुर्ची मिटायलाही लागले. तेवढ्यात पाणी उतरलं. नुसतं उतरलं नाही, कमरेखाली गेलं, गुडघ्याखाली गेलं, सुळक्याच्या पायाखालचं सकाळपासून न दिसलेलं शेवाळ उघडं पडलं, त्यातून पाणी निथळायला लागलं.

"उतरलं," हे म्हणाले. त्या एका शब्दात शंभर पुरांचा अनुभव होता. पाणी उतरलं की माणसाने पुढे जायचं असतं. हे पुढे गेले, पार टोकाला, मघापेक्षाही एक पाऊल पलीकडे, आणि गळ टाकला. सुभेदारांनी खुर्ची परत उघडली. मीही चिवड्याचा डबा परत उघडला, हे लपवत नाही. उतरत्या पाण्याला भ्यायचं आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. वरून सुर्वे ओरडत होते, पण ते सकाळपासून ओरडतच होते.

आणि मासा लागला. रॉड असा वाकला की मला वाटलं मोडला. रीळ किंचाळायला लागलं. आमचे हे मागे रेलले, पाय रोवले, आणि हसले. मोठ्याने, तोंड उघडून, गळ्याच्या शिरा फुगवून हसले. मी उभी राहिले. माझे डोळे भरून आले. काय तो मासा असेल तो असो, माझं काम झालं होतं. सुभेदारांनी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला.

तेव्हा ह्यांच्या खांद्यावरून मला पलीकडचं पाणी दिसलं. ते अजून उतरतच होतं. आणि त्याच्या मागे एक काळी रेघ वर येत होती. फेस नाही, आवाज नाही. लग्नघरात चार जण चार टोकांना धरून सतरंजी उचलतात, तसं अख्खं पाणी उचललं जात होतं.

"अहो," मी ओरडले. "अहो, मागे या."

सुभेदारांनी वळून बघितलं. त्यांचा चालू कान माझ्या बाजूला होता. आमच्या ह्यांनी बघितलं नाही.

"अहो."

सुभेदार म्हणाले, "बोला."

तिसऱ्यांदा माझ्या तोंडून काय निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "भास्कर. टाक ते. टाक आणि वर ये."

ते वळले. हातात आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा, आणि त्यांनी रॉड फेकला नाही, सोडलाही नाही, त्यांची बोटं आपोआप उघडली तेवढंच. रॉड सळकन पाण्यात गेला. ते माझ्याकडे बघत चालत आले. मग पळत आले. सुभेदारांना दंडाला धरून त्यांनी पायरीवर ढकललं, मी ह्यांच्या शर्टाची कॉलर धरली आणि बैल ओढावा तसं ओढलं. तिघे पायरीवर आडवे झालो आणि समुद्र आला.

मी मान वळवून पाहिलं. सुळका नव्हता. गुडघा, कंबर, गळा, काहीच नव्हतं. ज्या जागी माणूस उभा होता तिथे हिरवं पाणी उभं होतं. ते पायरी चढून माझ्या मांड्यांपर्यंत आलं, मला मागे खेचलं, ह्यांच्या कोपराला आणि माझ्या तळव्याला कालवांनी सोललं, आणि गेलं. मग सुळका पुन्हा दिसला, धुऊन निघालेला, कुंकवाचा ठिपका नाही. खुर्ची, गळांची पेटी, चिवड्याचा डबा, सुभेदारांची टोपी, सगळं गेलं होतं. एवढ्यात पाणी परत गुडघ्यालाच खेळायला लागलं, जसं काही झालंच नाही.

भीती मला नंतर वाटली, घळीतून वर चढताना. मी एका जागी बसून हमसून हमसून रडले. ओट्यावर चला म्हणणारी मीच होते. रडणं संपल्यावर मी भरपूर बोलले. ह्यांना बोलले, सुभेदारांना बोलले, त्या व्हिडिओतल्या गोऱ्या माणसालाही बोलले.

"कॅज्युअल्टी निल," सुभेदार एवढंच पुटपुटले. त्यांच्या व्हिडिओत आभाळ, एक चप्पल आणि माझा आवाज आला होता.

सुर्वे वर वाट बघत होते. "म्हातारीनं सोडलान तुमास्नी," ते म्हणाले. "मी बोल्लो नव्हतो?" बोलले होते. साध्या शब्दांत, पाणी मागे गेलं की मोठी लाट येते, एवढं बोलले असते तर बरं झालं असतं. पण आम्हाला तरी साध्या शब्दांचं कुठे पटतं? आम्ही आमचा मारुती घेऊन आलो होतो.

परतीची वाट

संध्याकाळी कोजागिरीचं दूध सुर्वेवहिनींनी आटवलं. त्यातही ओलं खोबरं होतं. हे गप्प होते. जेवले, दूध प्यायले, पट्टी बांधून घेतली, पण गप्प. मासा गेला त्याचं दुःख असणार असं मी धरून चालले. मला वेगळीच टोचणी होती. लग्न होऊन घरात आले तेव्हापासून ह्यांचं नाव मी फक्त उखाण्यात घेतलं, तेही यमक जुळवून, बायकांच्या घोळक्यात, लाजून. आमच्या घरी नवऱ्याला नावाने हाक मारणं म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर टांगणं. आणि मी चार लोकांदेखत 'टाक' म्हटलं होतं, 'ये' म्हटलं होतं. वर सुभेदारांच्या मोबाईलमध्ये ते पक्कं झालं होतं.

परतताना हे चालवत होते, सुभेदार मागे झोपले होते. कसारा घाट चढून इगतपुरीच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. सुभेदारांना उठवलं नाही. टपरीच्या बाकावर आम्ही दोघेच. वाऱ्यात गारवा होता, आणि समोरच्या डोंगरावर तोच काळा दगड, कोरडा, निरुपद्रवी.

"मासा किती मोठा होता, बघितलास?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"मी पण नाय."

मग मी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, गंगापूरला पुन्हा जाऊ, दुसरा रॉड घेऊ, असं काहीतरी.

"सुर्वे ओरडत होता ते ऐकू येत होतं," हे म्हणाले. "तू अहो-अहो केलंस तेही आलं कानावर. मनात म्हटलं, ओरडू दे, आता सोडायचा नाय. पाणी आलं तर आलं. असं झालं होतं बघ डोक्यात. आलं तर आलं."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. हसणारा माणूस मी पाहिला होता आणि माझं काम झालं असं समजले होते.

"मग?" मी कशीबशी म्हणाले.

"मग आईनं हाक मारल्यासारखं वाटलं." ते रस्त्याकडे बघत होते. "आई गेली तेव्हापासून नावानं कुणी हाक मारली नाय मला. शेठ म्हणाले, पप्पा म्हणाले, काका म्हणाले. भास्कर म्हणून कुणी राहिलाय हे माझंच मी विसरलो होतो. एकदम वाटलं, कुणीतरी बोलावतंय, गेलं पाहिजे."

मला बोलायला येतं असा माझा लौकिक आहे. ह्या माणसाला उठवण्यासाठी मी रॉड आणला, धरण दाखवलं, समुद्र दाखवला, त्याचा जीव टोकाला नेऊन ठेवला. आणि जे द्यायचं होतं ते इतकी वर्षं माझ्या तोंडात होतं, फुकट, आणि मी ते अब्रूच्या नावाखाली दातांमागे धरून बसले होते.

"चहा गार होतोय," मी म्हणाले. "घ्या ना."

हे हलले नाहीत.

मी गाडीकडे बघितलं. सुभेदार घोरत होते. टपरीवाला भजी तळत होता. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि कोणाचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं. तरी माझे कान तापले.

"भास्कर," मी म्हटलं, "चहा घे."

त्याने कप उचलला.